मेहकरचा पार आणि पिकअपचा दिवा

मेहकर म्हटले की बहुतेक वाचकांना बुलढाणा जिल्ह्यातील, शारंगधर बालाजीचे मेहकर आठवेल. आम्ही गेलो ते मेहकर निराळे. ते कर्नाटकात, बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला आणि भालकी म्हैसूरकडे आली. जमिनीची वाटणी झाली. नात्यांची काही झाली नाही. आमचे आजोळ मेहकरला, मावशीचे घर उदगीरला आणि आम्ही उभयता हैदराबादेत. घरच्या लग्नाला तीन राज्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या दारात उभ्या राहतात आणि पंगतीत मात्र सारे मराठीच बोलतात.

यंदा भाद्रपदात जाण्याचा योग आला. विकाराबाद-बीदरमार्गे आगगाडीने भालकीस उतरलो. मामेभावाचा मुलगा पिकअप घेऊन स्टेशनावर आला होता. बीदरची तांबडी जांभ्याची जमीन एव्हाना मागे पडली होती आणि दोन्ही अंगांना काळी राने लागली होती. मूग-उडीद निघून गेलेली वावरे रिकामी होती, तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या. पाहत राहावे असे दृश्य होते. पण आमचे लक्ष पुन्हा पुन्हा गाडीतल्या एका पिवळ्या दिव्याकडे जाई. त्यावर इंजिनाचे चित्र होते.

“हा कसला रे दिवा?”

“काही नाही काका, रोजचाच आहे तो,” असे म्हणून त्याने गियर बदलला. पण चढावर गाडी दम लागलेल्या बैलासारखी मागे ओढू लागली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ही गाडी त्याने कर्जावर घेतली आहे आणि दोन हप्ते तुंबले आहेत, हे आम्हांस रात्री समजले.

संध्याकाळी पारावर गेलो. पूर्वी या वेळी येथे बैलांच्या दुखण्यांची चर्चा चाले. आता पिकअपच्या दुखण्यांची चालते. एकाची गाडी तापत होती. त्याने रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले होते, आणि त्या क्षारांनी आतल्या नळ्या तव्यासारख्या खरपुडल्या होत्या. दुसऱ्याने पिंपातले डिझेल घातले. त्यात पाणी होते, आणि इंजेक्टर गेले. हल्लीच्या इंजिनांत डिझेल प्रचंड दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. तेथे पाण्याचा थेंबही खपत नाही. तिसऱ्याची तक्रार मोठी चमत्कारिक होती. त्याच्या इंजिनातले ऑइल कमी होण्याऐवजी वाढत होते! “अक्षयपात्रच मिळालं की,” असे कोणीसे म्हणाले आणि सारा पार हसला. आमचा मुलगा तेवढा हसला नाही. त्याच्याही गाडीत तेच चालले होते.

याचे कारण आम्हांस पुढे भालकीच्या मिस्त्रीने उलगडून सांगितले. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या मोटारगाड्यांना ‘भारत स्टेज ६’ हे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यासाठी पुष्कळ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. साठलेली काजळी अधूनमधून आतल्या आत जाळावी लागते. त्याला सुमारे ६०० अंश उष्णता हवी, म्हणून इंजिन स्वतःच थोडे अधिक डिझेल सोडते. गाडी मोठ्या रस्त्यावर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटे धावली की काम होते. पण मेहकरच्या पिकअपची धाव ती केवढी? घरून शेतात, शेतातून दूध संकलनावर, तेथून परत घरी. जाळणे सुरू होते न होते तोच किल्ली फिरते. काजळी तशीच राहते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने झिरपून ऑइलमध्ये उतरते. ते वाढलेले ऑइल म्हणजे पातळ झालेले ऑइल. तसेच चालवीत राहिल्यास बेअरिंगे खाल्ली जातात.

आमच्या मामांची ऐंशी कधीच उलटली आहे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी विहिरीवरचे ऑइल इंजिन रात्र रात्र चालविले होते. ठोका नुसता ऐकून ते बाजेवरूनच दोष सांगत. या गाडीपाशी मात्र ते कान लावून उभे राहिले आणि मान हलवून परतले. “हे इंजिन बोलतच नाही, नुसता डोळा वटारतं,” म्हणाले.

रात्री जेवताना खरी गोष्ट बाहेर आली. शहरातला एक जण फिल्टर काढून नळी पोकळ करून देणार होता. दिवाही कायमचा विझणार होता. नव्या फिल्टरच्या मानाने खर्च अगदीच थोडा. मुलगा दुसऱ्या दिवशी विसार द्यायला निघणार होता. “काका, तुम्हीच सांगा,” असे त्याने म्हणताच आम्ही अडखळलो. कायद्याला ते मान्य नाही हे ठाऊक होते; पण तुंबलेले हप्ते आम्हांला थोडेच भरायचे होते?

मामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “चुलीच्या धुरानं तुझ्या आजीची छाती गेली. आता अंगणात दुसरी चूल पेटवतोस का?”

कोणी काही बोलले नाही. सुनेने भाकरी वाढली.

सकाळी आम्ही भालकीच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने यंत्र जोडून पाहिले. फिल्टर अजून पुरता तुंबलेला नव्हता. अगदीच तुंबला असता तर रस्त्यावर पळवूनही उपयोग झाला नसता, असे तो म्हणाला. त्याने ऑइल बदलले आणि एक लांब फेरी करून येण्यास सांगितले. आम्हांस परतायचे होतेच. तेव्हा आगगाडीचा बेत सोडून हुमनाबादला पुणे-हैदराबाद हमरस्ता गाठला.

मुलाने गाडी एका खालच्या गियरवर, एका लयीत ठेवली. बराच वेळ कोणी बोलत नव्हते. तिघांचेही डोळे त्या पिवळ्या ठिपक्यावर खिळलेले. करपल्यासारखा वास आला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. मुलगा मात्र पहिल्यांदाच हसला. जहिराबाद जवळ आले, आणि दिवा केव्हा विझला ते तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही.

जहिराबादेस आम्ही हैदराबादची बस धरली. परतीची फेरी रिकामी जाऊ नये म्हणून त्याने तेथून बटाट्याची पोती भरली. आता महिन्यातून एकदा तो असेच एखादे लांबचे भाडे मुद्दाम धरतो. हप्ता एक अजून तुंबलेला आहे. फोनवर मामांना विचारले, गाडी कोठे आहे? तर म्हणाले, “वारीला गेली.”