आजेसासूबाईंची सिंधी

बदलापूर

चि. सौ. ताईस,


परवा तू म्हणालीस, घरात बाकी सगळे हिंदीत बोलतात, पण आजेसासूबाई सिंधीच बोलतात आणि एवढ्या भरभर, की एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला तेच कळत नाही. तुझा रडवेला आवाज ऐकून मला राहवेना. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

अगं, त्या भरभर बोलत नाहीत. न येणारी कुठलीही भाषा अशीच वाटते, कारण बोलताना दोन शब्दांच्या मध्ये जागा कुणीच सोडत नाही. आपणही नाही. काल तुझ्या आईचं एक साधं वाक्य फोनवर रेकॉर्ड केलं : ‘कपाटातला डबा आण.’ पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, ती मोठी करून पाहिली. रेघ सपाट झाली होती ती ‘कपाटातला’ या एका शब्दाच्या पोटातच, प, ट आणि त यांच्या आधी. हे वर्ण उच्चारताना तोंडातली वाट क्षणभर बंद होते आणि आवाज थांबतो. उलट ‘डबा’ आणि ‘आण’ यांच्यामध्ये काहीच फट नाही, सलग ‘डबाआण’! आपल्याला ऐकू येणारी फट आवाजात नसतेच. ती ऐकणारा घालतो.

मोडी कागद वाचताना मला हे रोज दिसतं. आधी आडवी रेघ मारलेली, तिच्याखाली अक्षरांमागून अक्षरं. शब्द तोडलेला नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नवा माणूस एकेक अक्षर बरोबर लावतो, तरी ओळ हाती लागत नाही. सरावलेला माणूस आधी ओळखीचं काय दिसतं ते पाहतो : ‘सदरहू’, ‘सबब’, ‘लिहून दिल्हे’. ते सापडलं की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं आपोआप सुटं होतं. ‘मौजे’ दिसलं की पुढे गावाचं नाव येणार. इकडच्या खरेदीखतात ‘कुळगाव’ असेल, तर ते अर्धं वाचायच्या आतच कळतं.

कानाचं कामही असंच चालतं, फक्त त्याला मागे वळून वाचता येत नाही. गाडीत ‘बदलापूर’ ऐकताना ‘बदला’ आणि ‘पूर’ हेही शब्द कानावरून जातात. दोन्ही खरे शब्द, पण स्टेशनांच्या नावांत ते कुठे बसणार? हे सगळं इतक्या झटक्यात निकाली निघतं, की आपल्याला पत्ताच नसतो. ‘मला इथे उतरायचंय’ यातली मलाई तुला आजवर कधी ऐकू आली आहे का?

मग ज्याला एकही शब्द येत नाही, त्यानं सुरुवात कुठून करायची? तान्ह्या बाळापुढे हाच प्रश्न असतो. 1996 साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या अमेरिकी संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोनच मिनिटं यंत्राचा सपाट आवाज ऐकवला. त्यात ‘बिडाकु’, ‘पाडोटि’, ‘गोलाबु’ असे चार निरर्थक शब्द, कुठेही न थांबता, उलटसुलट क्रमानं गुंफलेले होते. ‘बि’च्या मागोमाग दर वेळी ‘डा’ आणि मग ‘कु’. पण ‘कु’नंतर उरलेल्या तिघांपैकी कुठलाही शब्द. तेवढ्यावरून बाळांनी शब्द वेगळे काढले. नंतर तेच शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे ऐकवले, तेव्हा बाळं त्या तुकड्यांकडे जास्त वेळ कान देत राहिली, कारण ते त्यांना नवे वाटले. मला हा शोध फार मोठा वाटतो. अर्थ कळायच्या आधीच कान हिशेब मांडून बसलेला असतो.

मोठेपणी अडचण होते ती आपल्या भाषेच्या सवयीची. ॲन कटलर या संशोधिकेनं हेच आयुष्यभर अभ्यासलं. इंग्रजी ऐकणारा जोर दिलेल्या अक्षरापाशी नवा शब्द सुरू झाला असं धरतो. फ्रेंच ऐकणारा अक्षरागणिक तोडत जातो. आणि परकी भाषा ऐकतानाही आपापली सवय सुटत नाही. आता आपलं पाहा. घर, हात, काम : मराठीत शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही, शब्द व्यंजनावर तुटतो. सिंधीत हेच शब्द घरु, हथु, कमु. शेवटचा ‘उ’ अगदी पुसट, पण असतो. त्या भाषेत शब्द स्वरावरच संपतात. त्यात ग, ज, ड, ब यांचे हवा आत ओढून केलेले वेगळे उच्चारही आहेत. मला वाटतं, तुझा कान व्यंजनावरच्या तोडीची वाट पाहतो, ती येत नाही आणि सगळं वाक्य एक होऊन जातं.

म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नकोस. त्यांना हळू बोलायलाही सांगू नकोस. तोडून बोललेला शब्द नेहमीच्या बोलण्यात पुन्हा ओळखू येईलच असं नाही. फाळणीनंतर लहानपणी आगबोटीनं मुंबईला उतरून निर्वासितांच्या कल्याण कॅम्पात कशा आल्या, ते त्या सारखं सांगतात आणि घरातले कंटाळून उठून जातात, असं तूच म्हणालीस ना? तू तिथेच बस. 1949 साली कॅम्पाचं उल्हासनगर झालं, त्याच्या आधीपासूनचं हे सगळं त्या त्याच शब्दांत, त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा सांगतात. तुझ्या कानाला नेमकं हेच हवं आहे. विहीणबाई मायेनं मध्येच हिंदीत सांगू लागल्या, तर त्यांना म्हण की आधी सिंधीतलं पुरतं ऐकू द्या, मग विचारते.

आणि आजेसासूबाईंची हरकत नसेल तर एकदा सगळं फोनवर रेकॉर्ड करून घे. रविवारी येशील तेव्हा मलाही ऐकव. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझे
बाबा