मार्क आणि समास

परीक्षेचा निकाल लागला की 'मार्क किती पडले?' हाच प्रश्न आमच्या घरी प्रथम येतो. भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद, कोणत्याही मराठी घरी तो असाच विचारला जात असेल. हा शब्द इंग्रजीचा, हेही आता कुणाच्या ध्यानी येत नाही. मात्र त्याचे कूळ शोधू गेले तर तो थेट आमच्या दाराशी येऊन उभा राहतो.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सीमा, शीव. शिवेवर दगड रोवला, त्या खुणेलाही तेच नाव मिळाले. पुढे खूण मालावर केली तर ट्रेडमार्क, वाटेवर दिसली तर लँडमार्क, उत्तरपत्रिकेवर केली तर नुसता मार्क. डेन्मार्क या देशनामात जुना अर्थ अजून टिकून आहे. सरहद्दीचा सरदार तो मार्क्विस. माणसाचे नाव 'मार्क' मात्र वेगळ्या कुळातले. ते लॅटिन मार्कुसवरून आले.

फारसीतला 'मर्झ', म्हणजे सरहद्द, याच कुळातला. तिचा रखवालदार तो मर्झबान. १८२२ साली 'मुंबई समाचार' काढणाऱ्या फर्दुनजी मर्झबान यांच्या नावात तोच आहे. ज्या बिदरात १४७२ साली महमूद गवानाचा मदरसा उभा राहिला, तेथील दरबारी भाषा फारसीच होती. तेव्हा हा गोतावळा आम्हांस परका नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. आम्ही म्हैसूर राज्यात आलो. घर हलले नाही, शेत हलले नाही, शीव मात्र मधून गेली. लेक दिलेली उदगीरला आणि शेताची पहाणी इकडे. इकडे आम्ही मराठी, तिकडच्या सोयऱ्यांत आम्ही कर्नाटकातले.

कन्नडात मार्कांना 'अंक' म्हणतात. संस्कृतात अंक म्हणजे खूण आणि अंक म्हणजे मांडीही. ज्या भाषेने आमच्या लेकरांना मांडीवर घेतले तिच्याशी आमचे वैर नाही. धास्ती निराळी आहे. मार्कांच्या हिशेबात मराठी बसेनाशी झाली, आणि नातवंडांना पेटीतले आजोबांचे पत्र वाचता येईनासे झाले.

इंग्रजी 'मार्जिन' लॅटिनमधून आला, तोही याच गोताचा. वहीच्या पानाच्या त्या कोऱ्या कडेला मराठीत समास म्हणतात. आणि व्याकरणात समास म्हणजे दोन शब्दांचे एकत्र येणे. कडेला राहून दोन भाषा सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींना हा शब्द मोठा जवळचा वाटतो. गुरुजींचा शेराही समासातच पडतो. तिथे पोरांनी रोज चार ओळी मराठी लिहिली, तर तिचे मार्क कोणी देणार नाही. पण ते पत्र पुन्हा वाचले जाईल.