दुसरा मजला, डावीकडे

इचलकरंजीत आमच्या घराचा पत्ता म्हणजे वडिलांचं नाव आणि ‘सायझिंगच्या मागे’. पोस्टमन घर नंबराकडे बघायचासुद्धा नाही. पोर्तुगालमध्ये हे पार उलटं निघालं. तिथे पाकिटावर रस्ता, इमारतीचा नंबर आणि त्यापुढे ‘2 एश्क.’ असं लिहितात. एश्क. म्हणजे एश्केर्दु, डावीकडे. जिना चढून आलं की डाव्या हाताचं दार. दारावर नावाची पाटी नाही, असायची गरजही नाही.

मी नेमकी ती बाजू लिहायला विसरलो आणि माझं रहिवासाचं कार्ड रजिस्टर पोस्टानं येऊन परत गेलं. चूक माझीच. पण त्या कार्डासाठी केलेल्या खेपा आठवल्या आणि मी जिन्यातच बसकण मारली.

सप्टेंबर 2022 मध्ये मी उत्तरेकडच्या गिमाराइंश गावी आलो. आव्ह नदीच्या खोऱ्यात चादरी-टॉवेल विणणाऱ्या गिरण्या आहेत, त्यातल्या एकीत एअरजेट मागांच्या देखभालीचं काम मिळालं होतं. गावाचा जुना भाग 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझं घर अर्थातच त्या भागात नव्हतं. गिरणीत भाषेवाचून काही अडलं नाही. तुटलेला धागा जगभर एकाच बोटानं दाखवतात. अडलं ते गिरणीच्या फाटकाबाहेर.

आधी लागतो निफ, म्हणजे नऊ आकडी कर क्रमांक. आपल्या पॅनसारखाच म्हणा, पण पॅन कुणी किराणा दुकानात विचारत नाही. तिथे दोन युरोचे पाव घेतले तरी गल्ल्यावरची बाई ‘कोंत्रिबुइंत?’ म्हणून मान वर करते, कारण बिलावर नंबर टाकला तर काही खर्चांचा थोडा भाग करात परत मिळतो. मग सामाजिक सुरक्षेचा अकरा आकडी नंबर. मग सरकारी दवाखान्याचा आणखी एक नंबर. आणि बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न: राहता कुठे, आणि पुरावा काय?

घरमालकानं घर दिलं होतं. एक झोपायची खोली आणि एक बैठकीची, म्हणजे तिथल्या भाषेत ‘ते उं’. महिना 480 युरो. पण भाडेकरार करखात्यात नोंदवायला तो राजी नव्हता. भाड्याच्या उत्पन्नावर तेव्हा 28 टक्के कर होता, तेव्हा का राजी नव्हता हे वेगळं सांगायला नको. नोंदलेला करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून वीज माझ्या नावावर नाही. विजेचं बिल असतं तर तोच पत्त्याचा पुरावा झाला असता. आधी लगीन की आधी हळद, असला तो घोळ.

तोड सांगितली गिरणीतल्या एका जॉबरनं. झुंतात जा, म्हणाला. झुंता म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीचा धाकटा भाऊ. त्या हद्दीतल्या दोन मतदारांनी ‘हा माणूस इथे राहतो’ असं लिहून सही दिली की झुंता रहिवासी दाखला देते. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नगरसेवकाच्या लेटरहेडवरच्या दाखल्यावर माझं अर्धं शिक्षण झालंय.

पण दोन मतदार आणायचे कुठून? दीड महिन्यात माझी ओळख दोघांशीच झालेली. एक, कोपऱ्यावरचा कॅफेवाला. त्याच्याकडे मी रोज सकाळी उभ्या उभ्या कॉफी घ्यायचो. दुसऱ्या, तळमजल्यावरच्या आजी. त्या रोज दारात उभ्या राहून मला न्याहाळायच्या आणि ‘ओ मनीनु’ म्हणून हाक मारायच्या. मनीनु म्हणजे पोरा. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा. कॅफेवाल्यानं फॉर्म वाचून, उलटून पाहून, बायकोला दाखवून मग सही केली. आजींनी वाचलाच नाही. स्वयंपाकघरातल्या मेणकापडावरचे पावाचे कण हातानं झाडले, कागद ठेवला, आणि शाळकरी अक्षरात एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. पाच शब्दांचं नाव, पाच मिनिटं. मी कोण, कुठला, एक अक्षर विचारलं नाही. वर ‘तू रात्री काय जाळतोस? वास येतो,’ एवढं मात्र विचारलं. फोडणी होती ती.

दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला, आणि त्यानंतर सगळं हळूहळू सुटत गेलं.

दक्षिण युरोप म्हणजे ऊन, अशी माझी समजूत होती. उन्हाळ्यात ती खरी आहे. पण गिमाराइंशचा हिवाळा म्हणजे दगडी घरात भरलेला कोकणातला श्रावण, फक्त थंड. बाहेर दहा अंश आणि आत बारा. भिंतीत हीटर नाही, खिडकीला एकेरी काच. डिसेंबरात एकदा कपाट उघडलं तर माझ्या कोल्हापुरी चपलांवर हिरवी-पांढरी लव उगवलेली. बोटानं पुसली तर खालचं कातडं मऊ, ओलं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं. घासूनपुसून स्टोव्हजवळ वाळवल्या तर टाचेपाशी तडकल्या. बाजारातून हवा कोरडी करणारं यंत्र आणलं. रात्रभर चालवलं की सकाळी टाकीत दोन-अडीच लिटर पाणी. ते मोरीत ओतताना रोज वाटायचं, इतकं पाणी मी रात्री श्वासाबरोबर घेत होतो.

त्यात विजेची गंमत. तिथे घराला किती भार मिळणार हे करारात ठरतं. माझा 3.45 केव्हीएचा, कारण तो स्वस्त. हीटर आणि ओव्हन एकदम लावले की खटका पडून घर अंधारात. सहकारी हसले. भार वाढवून घे म्हणाले. मी घेतला नाही. आधी पोळी, मग ऊब, असा क्रम लावला. गॅस मात्र ओळखीचा: तेरा किलोची टाकी, खांद्यावर आणून देणारा माणूस, आणि ती नेमकी रविवारी संपणार.

आता भाषेचं. मराठीत पोर्तुगीज शब्द कितीतरी आहेत, चावी, बादली, पाव, हे जाण्याआधी मला दहा जणांनी सांगितलं होतं. खरं आहे. पण हे सगळे घरातले शब्द. कचेरीत एकही कामाला येत नाही. एक येतोसं वाटलं होतं, त्यानं तर दगाच दिला. पहिल्या महिन्यात हिशेबनीस बाईंपुढे जाऊन मी ‘पगार, पगार’ म्हणालो. तिथे पगार म्हणजे पैसे देणं. त्यांना वाटलं मला काही भरायचंय. त्यांनी लगेच यंत्र पुढे केलं. (वर्षाला चौदा पगार मिळतात हे मात्र कळलं. एक सुट्टीचा, एक नाताळचा. इचलकरंजीत दिवाळीच्या बोनससाठी दरवर्षी ताणाताणी बघितलेल्या माणसाला हे खोटंच वाटलं.)

शिवाय मी मोबाइलवर शिकून गेलो होतो ब्राझीलची पोर्तुगीज. तिच्यात वीस म्हणजे ‘विंची’. लिस्बनमध्ये ‘विंत’. आणि उत्तरेत ‘व’चा सरसकट ‘ब’ करतात, म्हणून गिमाराइंशमध्ये ‘बिंत’. एका कचेरीत वीस नंबरची चिठ्ठी घेऊन मी विंचीची वाट बघत बसलो. एकविसावा माणूस उठून गेला तेव्हा उमगलं.

खरा कस लागला बायकोला आणताना. परदेशी लोकांचं काम तोवर ‘सेफ’ या संस्थेकडे होतं, 29 ऑक्टोबर 2023 ला ती बंद होऊन ‘आयमा’ आली. आमची कागदपत्रं जमवणं एकीच्या काळात सुरू झालं, अर्ज दुसरीकडे गेला. पण अडचण त्यांची नव्हती, आमच्या नावांची होती. बायकोच्या जन्मदाखल्यावर नावच नाही. नगरपालिकेच्या नोंदीत नुसतं ‘स्त्री’ आणि वडिलांचं नाव. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर तिचं नाव, मधे माझं, आणि सासरचं आडनाव. पोर्तुगालमध्ये बाईचं आडनाव लग्नानंतर बदललं तरी मधे नवऱ्याचं नाव घुसत नाही. वकील बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि म्हणाल्या, ‘या तीन बायका आहेत.’ मग जन्मनोंदीत नाव घालणं, ‘या सगळ्या एकच’ असं प्रतिज्ञापत्र, राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, त्याचं पोर्तुगीज भाषांतर. सासऱ्यांनी नगरपालिकेत सात फेऱ्या मारल्या. परदेशात जायचं असेल तर बाकी काही नंतर बघा, हे काम गावात असतानाच उरका.

या काळात मी संध्याकाळी आजींकडे बसायचो. त्यांनीच सांगितलं, साठच्या दशकात त्यांचा नवरा चोरवाटेनं, बराचसा पायी, फ्रान्सला गेला. तेव्हा लाखो लोक असे गेले. त्याला ‘सालतु’ म्हणजे उडी म्हणत. मागाहून त्या गेल्या. पॅरिसच्या कडेला पत्र्याच्या वस्तीत राहिल्या. पत्ता काय होता, मी विचारलं. त्या हसल्या. ‘चिखल,’ म्हणाल्या.

माझं कार्ड परत गेलं त्या दिवशी जिन्यात मला पाहून त्यांनीच कात्री आणली. टपालपेट्यांवरचे आकडे पुसट झाले होते. वहीचा कागद कापून ‘2 एश्क.’ लिहिलं आणि रिवाज नसताना खाली माझं आडनावही लिहिलं. बायको आली त्या आठवड्यात त्यांनी तिचंही नाव विचारलं आणि माझ्या खाली जोडलं. तिचं नाव ‘व’वरून सुरू होतं. आजींनी ऐकलं तसं लिहिलं, ‘ब’नं.

बायको म्हणाली, दुरुस्त करू या का? जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट आणि आता ही चौथी. तेवढ्यात पोस्टमन आला, पेटीकडे नजर टाकली आणि तिला ‘ब’नंच हाक मारून पाकीट हातात दिलं.