लेकराचा कान फुटलाय, होईल आपोआप बरा

पीकविमा, रस्ते, नगरपंचायत यावर मी नेहमीच लिहितो. आज जरा घरातलं लिहितो. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात दहा वर्षांच्या आतलं लेकरू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यात धाकट्याच्या शाळेतून तक्रार आली. पोरगा दुसरीत. "हाक मारली तर बघत नाही, शुद्धलेखनात अर्धे शब्द गाळतो, मागं बसून नुसत्या खोड्या करतो." त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. घरी आल्यावर तो टीव्हीसमोर बसलेला, आवाज एवढा मोठा की गल्लीत ऐकू जावा. तीनदा हाक मारली. ढिम्म नाही. उठलो आणि एक कानशिलात ठेवून दिली. पोरगा रडला, पण त्याच्या डोळ्यात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. त्याला कळलंच नव्हतं की आपण केलं काय.

तीन दिवसांनी सकाळी त्याच्या उशीवर पिवळा डाग दिसला. वास येत होता. डावा कान वाहायला लागला होता. मी मारलं होतं तो उजवा. पण डॉक्टरनं नंतर सांगितलं की दुखणं दोन्हीकडं आहे.

आई म्हणाली, "फुटलाय कान. तुझाबी फुटायचा लहानपणी. लसूण जाळून तेल घाल, होतंय आपोआप बरं." आणि खरं सांगतो, आम्ही घातलं. दोन वेळा. पत्रकार माणूस, दुनियेला शहाणपण शिकवणारा, पोराच्या वाहत्या कानात कोमट तेल सोडत बसलो होतो. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत मधल्या कानात उतरतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आपल्या इथं कानाचा डॉक्टर कुठं? म्हणून नांदेड गाठलं. दुर्बिणीतून कान बघितला, मग काचेच्या खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी झाली. निदान असं की पडद्यामागं चिकट पाणी साचलंय, वारंवार जंतुसंसर्ग होतोय, आणि नाकाच्या मागची ॲडेनॉइडची गाठ सुजलेली आहे. डॉक्टरनं कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडं एक बारीक नळी जाते. मोठ्यांची ती तिरपी आणि लांब असते, लेकरांची आखूड आणि जवळपास आडवी. त्यामुळं सर्दी झाली की जंतूंना कानात शिरायला सोपं जातं. नळी सुजून बंद झाली की आत हवा जात नाही, पाणी साचतं, त्याचा पू होतो, आणि दाब वाढला की पडदा फुटतो. पडदा फुटल्यावर ठणका थांबतो. आपण म्हणतो, चला, मोकळं झालं. बऱ्याच लेकरांचा पडदा खरंच भरून येतो. ज्यांचा येत नाही, त्यांचा कान वर्षानुवर्षं वाहत राहतो, आणि क्वचित तो पू कानामागच्या हाडात, मेंदूपर्यंतही जातो.

ऐकू किती कमी येत होतं? 25 ते 30 डेसिबल कमी. म्हणजे ठार बहिरा नव्हे. दोन्ही कानात बोटं घालून कुणाचं बोलणं ऐकून बघा, साधारण तसं. जवळून मोठ्यानं बोललं तर कळतं. पंख्याच्या घरघरीत, चाळीस पोरांच्या गलक्यात, फळ्याकडं तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींचं कळत नाही. 'त' आणि 'थ', 'स' आणि 'श' सारखेच वाटतात. तो शब्द गाळत नव्हता, ते शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

घरी आल्यावर मोबाईलवर वाचत बसलो. 1997 साली अमेरिकेतल्या रोझेनफेल्ड नावाच्या डॉक्टरनं अशा लेकरांच्या आईबापांसाठी सहा प्रश्न तयार केलेत. मागच्या चार आठवड्यांत लेकराला दुखलं का, ऐकायला कमी आलं का, बोलण्यात अडचण आली का, चिडचिड किंवा रडारड किती, खेळणं-शाळा-झोप किती बुडाली, आणि सहावा, तुम्हा आईबापांना किती घोर लागला. सगळ्या प्रश्नांना माझी उत्तरं वाईटच होती. पण चौथ्यावर अडकलो. वर्षभर आम्ही त्याला 'चिडका' म्हणत होतो. पाहुण्यांसमोर सुद्धा. झोपेत दोनदा-तीनदा उठायचा, सकाळी तोंड फुगवून बसायचा, गल्लीत खेळायला जायचं त्यानं बंद केलं होतं. आम्हाला वाटलं स्वभावच तसा.

आमच्या वर्गातही एक होता. परमेश्वराच्या यात्रेत आम्ही एकत्र फिरायचो. त्याचा कान बारा महिने वाहायचा, म्हणून त्याच्या जवळ कुणी बसायचं नाही. आम्ही त्याला 'भैऱ्या' म्हणायचो, मी पण म्हणायचो. सातवीत शाळा सुटली त्याची. "डोकं नव्हतं" असं सगळे म्हणायचे. आता वाटतं, डोकं तपासायच्या आधी कुणी कान तपासला असता तर?

आमच्या पोराचं औषधपाणी झालं, तीन महिने वाट बघितली, मग पुन्हा तपासणी. पाणी ओसरलं, ऑपरेशनची गरज पडली नाही. शाळेत विनंती करून पुढच्या बाकावर बसवलं. मी त्याची माफी मागितली. "कशाची?" म्हणाला. विसरला होता.

आता मुद्द्याचं. या सगळ्यासाठी सरकारी सोय नाही असं नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात पथकानं अंगणवाडीतल्या लेकरांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी करायची असते. तपासायच्या आजारांत कानाचा संसर्ग आणि कमी ऐकू येणं दोन्ही आहेत. आमच्या शाळेत तपासणी झाली त्या दिवशी आम्ही किनवटला लग्नाला गेलो होतो, चूक आमची. पडदा बसवण्याचं ऑपरेशन लागलं तर विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज जिला महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतात, ती 2 जुलै 2012 ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला नांदेड होता.

अडचण अंतराची आहे. नांदेडला एक खेप म्हणजे एक रोज बुडाला, वर तिकीट, वर जेवण. कानाला एका खेपेत भागत नाही, तीन-चार लागतात. मजुरी करणाऱ्या बाईनं हे हिशेबात कुठं बसवायचं? म्हणून माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एक दिवस तरी कान-नाक-घसा तज्ज्ञ हिमायतनगरात बसावा, आणि तो दिवस बाजाराचा असावा. बाजाराला लोक येतातच. लोकप्रतिनिधी ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. लाईक नको, पत्र द्या.

तोवर घरी करण्यासारखं एवढंच. वाहत्या कानात तेल, दूध, कसलाही रस घालू नका. स्वच्छ सुती कापडाची वात करून कान कोरडा करा. विहिरीत-नदीत पोहणं बंद. चुलीच्या आणि बिडीच्या धुरापासून लेकराला लांब ठेवा. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका. आणि लेकरू सारखं "काय? काय?" करत असेल तर हात उचलण्याआधी कान दाखवा.

परवा जवळच्या तांड्यावर दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. पाच-सहा वर्षांची पोरगी, कानात कापसाचा बोळा, भोवती माश्या. आईला विचारलं किती दिवस झाले. "मागच्या थंडीपासून वाहायलाय, भाऊ." नांदेडला घेऊन जा म्हणालो, फोन नंबर दिला, सोबत येतो म्हणालो. ती म्हणाली, "सोयाबीन होऊ द्या, मग जाऊ."

सोयाबीन झाल्यावर दिवाळी. दिवाळी झाली की ते ऊसतोडीला जातात, पोरगी पण सोबत.

मी येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. आणखी कुणाच्या लेकराचा कान वाहत असेल तर कळवा.