धामणगाव बढेच्या अंगणातले मैदान

मलकापूर स्टेशनावर उतरून मोताळ्यामार्गे आम्ही धामणगाव बढेला पोचलो, तेव्हा ऊन कलले होते. बुलडाणा जिल्ह्यातला हा घाटाखालचा भाग. थंडीचे दिवस असल्याने शेतांत कापसाची वेचणी चालू होती. आम्ही भावंडे पोटापाण्यासाठी कल्याण, नाशिक, जळगाव अशी पांगलेली. या खेपेला सगळे एकदम आलो, ते बाबांसाठी. बाबांनी सत्तरी ओलांडली होती.

हॉल घ्यावा, मंडप टाकावा, केक आणावा, अशा सूचना निघाल्या. धाकटी बहीण म्हणाली, "बाबांना काय आवडतं, ते कुणी विचारलं का?" बाबांना आवडतो खेळ. मग ठरले, घरच्याच अंगणात खेळांचा मेळा करायचा आणि त्यासाठी उसने एक पैही काढायचे नाही.

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, एका बाजूला सात गडी. आमचे अंगण त्याच्या निम्मेही नाही. म्हणून चार-चार गडी ठरवले. सकाळी खडे वेचले, पाणी शिंपडून माती दाबली. म्हातारी आणि लेकरे एकत्र खेळणार म्हणून पकड बंद, नुसता स्पर्श झाला की गडी बाद. चढाईचे 30 सेकंद सुनांनी मोठ्याने मोजायचे. कोपऱ्यात लगोरीसाठी फुटकी कौले रचली, मागल्या बाजूला विटी-दांडू.

रेषा आखायला चुना आणला, तर बाबा सवयीने पुढे झाले. आम्ही त्यांचा हात धरला. लहानपणी गावच्या मैदानावर त्यांना संघात घेत नसत, रेषा मात्र त्यांच्याच हातून आखून घेत. ही गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली होती. "आज रेषा नातवंडं आखतील. तुम्ही पहिली चढाई करायची," आम्ही म्हणालो.

"आता या वयात मले काय खेयाले लावता रे?" म्हणत बाबांनी धोतर खोचले. "कबड्डी, कबड्डी" म्हणत रेषा ओलांडली. थोरल्या नातवाच्या खांद्याला हात लावून ते माघारी आले, तेव्हा सगळे अंगण ओरडले. बाबा मात्र आपल्या हाताकडे बघत उभे राहिले. आईने पदर डोळ्यांना लावला.

जेवणाचा बेत सोपा होता : कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा आणि मठ्ठा. वांगी काट्यांच्या आगीवर पुरुषांनी भाजली, त्यामुळे बायांनाही खेळायला सवड मिळाली. बक्षीस म्हणून प्रत्येक लेकराला वही आणि पेन.

रात्री शेकोटीभोवती थोरल्या बहिणीने मुलांना बाळू पालवणकरांची गोष्ट सांगितली. चर्मकार घरातला हा मुलगा पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवी, नेट लावी आणि त्यांना गोलंदाजी टाकी. पुढे हिंदू संघाला त्याच्या गोलंदाजीवाचून चालेना, तरी चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि संघ जिंकला.

आपल्या वऱ्हाडाचीही गोष्ट निघाली. 1936 साली ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये आपले देशी खेळ दाखवले, त्यांत कबड्डी होती. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला.

बाबा ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "त्याइनंबी आधी मैदानच सारखं केलं म्हना!" आम्ही काहीच बोललो नाही. त्यांच्या धोतराच्या काठाला दिवसभराचा चुना लागलेला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, वडिलांसाठी सोहळा करायला पैसा लागतोच असे नाही. त्यांचे कोणते खेळणे अर्धे राहिले, एवढे विचारा. अंगण लहान असले तरी चालते. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा रेषा अजून दिसत होत्या. आईने सकाळी त्या सोडून बाकीचे अंगण झाडले होते.