नेम आधी, हात नंतर

गोल्फमधलं पटिंग हे हाताचं काम आहे, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. लांबचा फटका शिकवता येतो, पण ग्रीनवरचा हलका फटका ही बोटांची उपजत समज असते, ती ज्याला असते त्याला असते, असं येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर नव्याने खेळायला येणाऱ्या कितीतरी जणांना मी ठामपणे सांगितलं आहे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. हाताच्या आधी नेम येतो, नेम शिकता येतो, आणि तो शिकल्याशिवाय आपल्या हाताला काय येतं नि काय येत नाही हे कळायलाही मार्ग नसतो, असं मी आता मानते. हे मत कसं बदललं ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण पूर्वी मी मानत होते तसं मानणारे पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे शिकायला येणारी मुलंही पुष्कळ आहेत.

आधीच्या मताला कारण होतं. माझं गोल्फ लष्करी छावण्यांमधल्या छोट्या मैदानांवर सुरू झालं. यजमानांची बदली होईल तिथे आम्ही जायचो आणि जिथे जाऊ तिथे नऊ होलचं का होईना, एक मैदान असायचं. त्यातल्या काही ठिकाणी ग्रीनच्या जागी ‘ब्राऊन’ होतं, म्हणजे तेल घातलेल्या वाळूचा गोल, सपाट तुकडा. पट करण्याआधी वाळू ओढून सारखी करायची आणि त्या पट्ट्यावरून चेंडू ढकलायचा. उतार नसल्यातच जमा, त्यामुळे दिशेचा फारसा प्रश्न नसे, प्रश्न असे जोराचा. वाळू किती ओली आहे, तेल ताजं आहे की जुनं, हे हाताला कळावं लागे. तिथे शिकलेल्या माणसाला पटिंग म्हणजे हात, असंच वाटणार.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक खेळली तेव्हा तर हे मत अधिकच पक्कं झालं. लांब फटक्यात ती बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होती, पण चेंडू ग्रीनवर आला की तिला तोड नव्हती. ती चौथी आली, पदक एका फटक्याने राहिलं. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि पुण्यातून खेळणारा उदयन माने हे दोघेही त्याच ऑलिंपिकमध्ये होते, त्यामुळे आमच्या सकाळच्या मंडळींत कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. अदितीबद्दल बोलताना आम्ही सगळेच ‘काय हात आहे पोरीचा’ एवढंच म्हणत होतो. फटक्याआधी ती काय करते, कुठे पाहते, पटर कसा लावते, याबद्दल आमच्यातलं कोणी एक अक्षर बोललं नाही.

मत हलायला सुरुवात झाली ती बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर. माझी भाची तिथे रायफल चालवते. एकदा तिला आणायला गेले आणि तिचा सराव संपेपर्यंत मागे बसून पाहत राहिले. ती पवित्रा घ्यायची, रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायची, दोन श्वास सोडायची आणि डोळे उघडून बघायची. कधी कधी लगेच रायफल खाली घेऊन पाय किंचित सरकवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. गोळी झाडणं राहिलं बाजूलाच. घरी येताना विचारलं तेव्हा म्हणाली, “मावशी, डोळे मिटल्यावर रायफल आपोआप जिकडे जाते ना, तो शरीराचा खरा नेम. तो मध्यावर नसला तर हाताने ओढून मध्यावर आणायचं नाही, पाय हलवायचे. हाताने ओढलेला नेम ट्रिगर दाबताना परत आपल्या जागेवर जातो.”

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, बालेवाडीत सराव केलेला हा मुलगा. त्याच्या पदकाबद्दल कोणी ‘काय हात आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. नेमबाजीत शरीराची मांडणी हीच विद्या आहे, हे सगळ्यांना मान्य असतं. मग तीच गोष्ट पटिंगच्या बाबतीत मला का मान्य नव्हती, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जाईना.

खरं तर पटरचा नेम रायफलीच्या नेमापेक्षा अवघड आहे. रायफलीत डोळा, दोन्ही साइट आणि लक्ष्य एकाच रेषेत येतात. पटिंगमध्ये आपण रेषेच्या बाजूला उभे असतो, डोळे वरून खाली बघतात, लक्ष्य डाव्या खांद्यापलीकडे कुठेतरी असतं, आणि जी रेषा धरायची ती जमिनीवर आखलेलीच नसते. त्या न दिसणाऱ्या रेषेशी पटरचं तोंड काटकोनात लावायचं असतं. अमेरिकेचा थोर खेळाडू सॅम स्नीड उतारवयात होलकडे तोंड करून, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पट करू लागला होता. त्याला चेंडू आणि होल समोरासमोर दिसायचे. १९६८ पासून नियमांनी ती पद्धत बंद केली. म्हणजे बाजूला उभं राहणं आपल्याला चुकणार नाही, आणि बाजूने पाहताना डोळा फसतो हेही चुकणार नाही. त्यावर शिक्षण हाच उपाय.

डोळा किती फसला तर चालतो, याचं गणित मी स्वतः मांडून पाहिलं आणि तिथे माझं जुनं मत बरंच ढासळलं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. मध्यापासून कडेपर्यंत ५४ मिलिमीटर. पटरचं तोंड एका अंशाने फिरलं तर तीन मीटरवर चेंडू मध्यापासून सुमारे ५२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे होलच्या कडेवर जातो. दोन अंशांनी फिरलं तर चेंडू होलच्या बाहेरूनच निघून जातो. एक अंश डोळ्याला दिसत नाही. चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे पटर कोणत्या मार्गाने आला यापेक्षा त्या क्षणी त्याचं तोंड कुठे आहे यावर कितीतरी अधिक अवलंबून असतं. नासात काम केलेल्या डेव्ह पेल्झ या भौतिकशास्त्राच्या माणसाने पटिंगची मोजमापं घेतली, ती याच निष्कर्षावर येतात.

मग मी एका प्रशिक्षकाकडे जाऊन माझा नेम तपासून घेतला. होलच्या जागी एक लेझर ठेवतात आणि पटरच्या तोंडावर छोटा आरसा बसवतात. पटर बरोबर लागला असेल तर प्रकाश जिथून आला तिथेच परत जातो. एका अंशाची चूक असेल तर परतीचा प्रकाश दोन अंशांनी हटतो, त्यामुळे चूक दुप्पट मोठी दिसते. मला बरोबर वाटलं की मी थांबायचे आणि मग ते प्रकाश सोडायचे. ठिपका उजवीकडे पडला. पुन्हा लावला, पुन्हा उजवीकडे. मला जे सरळ दिसत होतं ते उजवीकडचं होतं, आणि दर वेळी जवळजवळ तेवढंच.

तरीही माझे पट पडत होते, आणि विचार करण्यासारखी गोष्ट हीच होती. नेम उजवीकडे आणि चेंडू होलमध्ये, याचा अर्थ माझे हात फटक्याच्या क्षणी पटरचं तोंड डावीकडे वळवत होते, मला न कळवता. ज्याला मी उपजत हात म्हणत होते, त्याची बरीचशी ताकद नेमातली कसर भरून काढण्यात जात होती. मन शांत असताना ते जमे. स्पर्धेच्या शेवटच्या होलवर, दीड मीटरच्या पटला, हात थोडे आखडले की हिशोब चुकायचा. भाची सांगत होती ते हेच होतं. शरीर एकीकडे आणि नेम दुसरीकडे असला की कसोटीच्या क्षणी शरीर जिंकतं.

त्याहून मोठी अडचण शिकण्याची आहे. पट चुकतो तेव्हा चार कारणं असू शकतात. उतार चुकीचा वाचला, पटर चुकीच्या दिशेला लावला, फटका वाकडा बसला किंवा जोर चुकला. नेम पक्का नसेल तर ही चारही कारणं एकमेकांत गुंतलेली राहतात आणि माणूस भलत्याच कारणावर मेहनत करत बसतो. मी कितीतरी पट ‘उतार जास्त होता’ म्हणून सोडून दिले असतील, जिथे उताराचा काहीही दोष नव्हता. नेम खात्रीचा असला की चुकलेला पट काहीतरी शिकवतो.

आता मी नेम कसा धरते ते सांगते. चेंडूच्या मागे बसून रेषा ठरवते. होलकडे न बघता त्या रेषेवर चेंडूपुढे वीतभर अंतरावरचा एक ठिपका निवडते, गवताचा फिका तुकडा किंवा जुना डाग. जॅक निकलॉस सगळेच फटके असे जवळच्या खुणेवरून मारायचे. मग आधी पटरचं तोंड त्या ठिपक्यावर लावते आणि पाय नंतर ठेवते. पूर्वी मी पाय रोवून मग पटर लावायचे, तिथेच सगळं बिघडायचं. होलकडे पाहताना डोकं उचलत नाही, नुसतं वळवते, कारण डोकं उचललं की डोळ्यांची रेषा बदलते. डोळे चेंडूच्या बरोबर वर असावेत की जरा आत, हे प्रत्येकाचं वेगळं निघतं, आरसा जमिनीवर ठेवून पाहावं लागतं. आणि शेवटी नजर चेंडूवर एका जागी थांबवायची, फटक्यानंतरही क्षणभर तिथेच ठेवायची. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फपटूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चांगल्या खेळाडूंची नजर अशी स्थिर राहते हे दिसलं होतं.

चेंडूवर पेनाने रेघ ओढणाऱ्यांवर मी पूर्वी नाराज असायचे. नियमांना ती रेघ मान्य आहे, आणि आता मीही ओढते. पण सगळ्यांनी ओढावी असं मी म्हणणार नाही. काही जणांना रेघ दिसली की हात बांधल्यासारखे होतात, त्यांनी ठिपक्यावरच भागवावं. रेघ जुळवण्यात मागच्या चौघांना ताटकळत ठेवणं मला आजही मान्य नाही.

उतार असेल तर नेम होलवर धरायचाच नसतो, चेंडू जिथून वळावा असं वाटतं तिथे धरायचा असतो. आपल्याकडे यात गवताचाही भाग येतो. बर्म्युडा गवताची पाती एका दिशेला झुकतात. आपल्या बाजूने ग्रीन चमकदार दिसलं तर गवत चेंडूसोबत आहे, गडद दिसलं तर विरोधात. पावसाळ्यात ग्रीन ओलं आणि जड होतं, चेंडू कमी वळतो, मग नेम होलच्या जवळ आणावा लागतो. बावधनच्या ऑक्सफर्डच्या मैदानावर भोवतीच्या टेकड्यांमुळे सपाट भाग चढासारखा भासतो, तिथे डोळ्यांपेक्षा तळपायांना विचारावं. येरवड्याचे जुने कॅडी हे सगळं न मोजता सांगतात. त्यांच्यापैकी एकजण मला नेहमी म्हणायचे, “मॅडम, लाईन बरोबर आहे, पटर तिकडे नाही.” ते उतार वाचायला सांगताहेत असं मला वाटायचं. ते शब्दशः पटरबद्दलच बोलत होते.

हाताचं महत्त्व मी नाकारत नाही. जोर अजूनही हातातच आहे आणि लांबच्या पटला जोरच निर्णायक ठरतो. हळू पोचलेल्या चेंडूला होल अधिक रुंद मिळतं, वेगाने आलेला कडेवरून निसटतो. ब्राऊनवर कमावलेलं ते ज्ञान मला आजही उपयोगी पडतं. फरक क्रमात पडला आहे.

आणि हा क्रम मुलांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पटिंग उपजत असतं असं आपण म्हणतो तेव्हा ज्याचे पहिले काही पट चुकतात त्या मुलाला आपण सांगत असतो की हे तुझ्यासाठी नाही. नेम मात्र कुणालाही शिकवता येतो, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. दोन खिळ्यांना बांधलेला दोरा चेंडूच्या वरून होलपर्यंत ताणला की पुरतो. गवंडी रेषा आखायला वापरतात ती रंगाची दोरी असली तर आणखी सोपं. घरच्या सतरंजीवरही हा सराव होतो, त्यासाठी क्लबचं सभासदत्व नको की ग्रीन फी नको.

पुण्यात मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या सर्वांना, आणि क्लबांच्या सरावाच्या ग्रीनवर मुलांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या दिवशी मुलाला चेंडू मारायला लावू नका. दोरा ताणा, पटर त्याच्याशी काटकोनात लावायला शिकवा, त्याला मागे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करू द्या, आणि ते दहापैकी दहा वेळा जमू लागल्यावरच होलकडे पाठवा.