साल आणि गाभा

सिडनीतल्या केलीव्हिलच्या बाजूने कटाय क्रीक उत्तरेला हॉक्सबरी नदीकडे जाते. ओढाच तो, पण काठचे ब्लू गम निलगिरी असे सरळसोट चढलेले की मान वर करताना हात आपसूक जुळावेत. बुंध्याशी खरखरीत साल, तिच्यावर मात्र लांब पट्ट्यांनी साल टाकून मोकळं झालेलं निळसर राखाडी खोड. भर उन्हातही तळवा टेकवला की गार लागतं.

२०१९च्या ऑक्टोबरअखेर वोलेमायच्या अरण्यात वीज पडली आणि गॉस्पर्स माउंटनचा वणवा पेटला. पाच लाख हेक्टरांहून अधिक रान त्यात गेलं. इथल्या दुपारी धुराने तांबूस व्हायच्या. फेब्रुवारीत धो धो पाऊस झाला. त्यानंतर बिलपिनच्या रस्त्याला लागलो, तर काळीठिक्कर खोडं पालवीने अंगभर लगडलेली, तळापासून वरपर्यंत! बहुतेक झाडांचे झोपलेले कोंब सालीच्या वरच्या थरात असतात, म्हणून आगीत जातात. निलगिरीच्या कुळात कोंब घडवणाऱ्या पेशी थेट लाकडालगत असतात. जाड साल असेल तर आच तिथवर पोचत नाही.

यकृताकडे पाहताना मला हीच झाडं दिसतात.

केलीव्हिलच्या कुणाचं यकृत बदलायचं झालं तर वाट कॅम्परडाउनच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयाकडे जाते. १९८६पासून तिथे प्रत्यारोपणं होतात. दाता बहुधा मेंदूमृत. त्याआधी कित्येकदा त्याचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू केलेलं असतं, रक्तदाब कोसळलेला असतो. त्या होरपळीत यकृताच्या पेशी इजा पावतात आणि त्यांच्यातले एन्झाइम रक्तात उतरतात. आपल्या लॅबच्या कागदावरचे एसजीओटी, एसजीपीटी. इथे एएसटी, एएलटी. आकडे पाहून कुणाचंही धाबं दणाणेल. पण ते होऊन गेलेल्या आगीचे आहेत, आत काय शाबूत उरलंय ते त्यांना ठाऊक नाही. रक्तातलं एएसटी साधारण १७ तासांत निम्मं होतं, एएलटीला जवळपास दोन दिवस लागतात. म्हणून एका मोठ्या आकड्यापेक्षा पाठोपाठच्या चाचण्या मोलाच्या. आकडा उतरणीला लागला असेल, तर वणवा विझला. नुसते चढलेले एन्झाइम पाहून यकृत नाकारायचं, म्हणजे काळं खोड पाहून कुऱ्हाड उचलायची.

नुसत्या कागदावर निकाल लागत नाहीच. सर्जन पोट उघडून पाहतो, हाताने चाचपतो. चांगलं यकृत तांबूस तपकिरी, लवचीक, काठ धारदार. चरबी साचलेलं पिवळट, काठ बोथट. शंका आली तर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. दात्याचं वय, ही चरबी, आणि रक्ताविना थंडीत काढलेले तास, पुढचं बरंचसं यांवर ठरतं.

मग बर्फातून आलेलं ते निस्तेज यकृत दुसऱ्याच्या कुशीत बसवतात, शिरा जोडतात, चिमटे काढतात. रक्त शिरतं. राखाडी रंग हटत हटत गुलाबी पसरतो, आणि थोड्या वेळाने पित्तनलिकेच्या कापलेल्या तोंडाशी सोनेरी पित्ताचा थेंब जमतो. कुणीही हुकूम न देता. हे नुसतं ऐकूनही माझ्या अंगावर काटा येतो. वणव्यानंतरच्या पालवीपुढे आला होता तसाच.

आता तपासायचं ते घेणाऱ्याचं रक्त. एन्झाइम पहिल्या काही दिवसांत चढतात नि उतरतात. पहिल्या आठवड्यात ते २००० पार गेले, किंवा सातव्या दिवशी बिलिरुबिन १० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा रक्त गोठण्याचा निर्देशांक आयएनआर १.६च्या खाली आलेला नसला, तर यकृत अडखळतंय असं धरतात. एरवी ते मुकाट कामाला लागतं. कधी एकाच यकृताचे दोन भाग करून धाकटा लेकराला आणि थोरला मोठ्या माणसाला देतात. कापलेला भाग परत फुटत नाही, उरलेलाच वाढून भर काढतो.

देणारा कोण, हे घेणाऱ्याला इथे सांगत नाहीत. आभाराचं निनावी पत्र मात्र समन्वयकांमार्फत धाडता येतं. त्यात ना गाव लिहायचं, ना आडनाव. मराठी माणसाला हे जडच जाणार. आपण ओळख काढायला बसतो तेच मुळी गाव विचारून.